चीफचं माकडाचं शेपूट

अनय, मीरा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, तुझ्या ओट्याशी दुधात थर्मामीटर बुडवून उभे असलेले ते आजोबा कोण? मी दमले होते. "शेजारी" म्हणाले आणि फोन ठेवला. उत्तर अपुरं होतं. तुमची उत्सुकता फार दिवस टिकत नाही, माझा उत्साहही नाही, म्हणून आजच लिहून टाकते.

ते चीफ. क्वीन्सटाउनच्या आमच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. जहाजावर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून लिफ्ट कुरकुरली की कान लावून तिचा आजार सांगतात. कुणी गडबड केली की म्हणतात, "घाई केली की बेअरिंग जातं." या वाक्यापायी एकदा आमचं विमान चुकलं आहे.

तरुणपणी त्यांचं जहाज चिलीच्या बंदरात अडकलं आणि नाताळ तिथेच झाला. एका घरी त्यांना दूध, कॉफी, दालचिनी, लवंग आणि दारू घातलेलं गार पेय मिळालं. कोला दे मोनो, म्हणजे माकडाचं शेपूट. असं नाव का, ते मी विचारत नाही. विचारलं की तास जातो. तेव्हापासून दर डिसेंबरला चीफ ते घरी करतात. तिकडच्या दारूऐवजी ब्रँडी, आणि कॉफी खालच्या हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारातल्या, स्टॉलवरची, काळी, बिनसाखरेची. ओळखीच्या प्रत्येक मराठी बाईनं त्यात वेलची सुचवली आहे. प्रत्येकीला एकच उत्तर मिळालं, "हे कोजागरीचं दूध नाही."

त्यांची बायको सुलभा यंदा मार्चमध्ये गेली. डिसेंबर लागला आणि चीफ पातेलं घेऊन माझ्या दारात उभे. आपल्या ओट्याशी उभं राहवत नाही म्हणाले. इथे करून बघतो, चव जमली नाही तर यापुढे बंद. माझे गुडघे ठणकत होते, नाही म्हणावंसं वाटत होतं. पण त्यांनी गॅस पेटवलासुद्धा.

सगळं त्यांच्या शिस्तीत झालं. दूध उकळलं, साय काढली, कॉफी घातली, गार झाल्यावर ब्रँडी. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चाखायला आले. एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"नाही जमलं."

काहीच तर चुकलं नव्हतं, मी म्हणाले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, वेलची आहे?"

मी मसाल्याचा डबा काढला.

"सुलभा टाकायची. मी पाठ फिरवली की, चिमूटभर. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, मी विचारलं.

"बोललो असतो तर तिनं टाकायचं थांबवलं असतं."

मी वेलची कुटली. चीफ उठले, खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी चिमूटभर टाकून ढवळलं. झालं, मी म्हणाले, तरी बराच वेळ ते वळले नाहीत. मग येऊन त्यांनी ग्लास संपवला, विसळून पालथा ठेवला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी पातेलं मोठं लागेल.

बाटल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून झाल्या. एक माझ्या फ्रिजमध्ये अजून आहे.