टिपणीसकाकांचे जायबंदी गडी

टिपणीसकाका धडधाकट माणूस टीममध्ये घेत नाहीत.

नीट सांगते. आमच्या टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या मराठी मंडळींनी एक अमेरिकन खूळ पाळलं आहे. ऑफिसातल्या एका अमेरिकन साहेबाने ते आणलं. साहेब गेला, खूळ राहिलं. तिकडचा फुटबॉल म्हणजे डोक्यावर हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं. त्यातले खरेखुरे खेळाडू आम्ही आपापसात वाटून घेतो. ज्याचे गडी तिकडे रविवारी चांगले खेळतील, त्याला इकडे सोमवारी सकाळी गुण. दर ऑगस्टात एका रविवारी सगळे आमच्या घरी जमतात आणि पाळीपाळीने एकेक गडी उचलतात. याला ड्राफ्ट म्हणायचं. आदल्या वर्षी जो शेवटचा आला, त्याला पहिली पाळी.

मी टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्यांच्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून या लीगची व्यवस्था माझ्या गळ्यात पडली.

पहिली पाळी दरवर्षी टिपणीसकाकांची असते, कारण शेवटचे दरवर्षी तेच येतात. बँकेच्या जुनाट प्रोग्रॅमांची देखभाल करत काकांनी जपानात केस पांढरे केले. ड्राफ्टला ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात. बाकीचे गड्यांचा वेग बघतात, काका फक्त दुखापती बघतात. जुन्या काळी मुलीचे वडील पत्रिका बघायचे, तशा मन लावून.

"हा कॉलेजातून नवीन आलेला पोरगा कसा आहे?"

"उत्तम आहे, काका. वाऱ्यासारखा पळतो. घ्या."

"कुठे काही लागलंय?"

"काही नाही."

"मग राहू दे. त्याला कोणीही घेईल."

आणि मग घोटा मुरगळलेला, खांदा निखळलेला, पाठीत उसण भरलेला असं एकेक रत्न त्यांच्या टीममध्ये दाखल होतं. एकदा कोणीतरी म्हणालं, "काका, हा तर सीझनभर आऊट आहे!" काका शांतपणे म्हणाले, "आऊट म्हणजे कुठे गेलाय? घरीच बसलाय ना?" आम्ही हसून हसून बेजार झालो.

गेल्या वर्षी त्यांनी पहिल्याच पाळीला एक रनिंग बॅक उचलला. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी, आपल्या कबड्डीतल्या चढाईवाल्याच्या जातीचा. याच्या गुडघ्याच्या शिरा तुटल्या होत्या आणि त्याच्या स्वतःच्या टीमनेही आशा सोडली होती. त्याचं नाव लांबलचक होतं, आम्ही त्याला गुडघेसाहेब म्हणू लागलो. दर सोमवारी तोझाई लाइनच्या प्लॅटफॉर्मवर कोणीतरी विचारायचं, "काय काका, गुडघेसाहेब कसे आहेत?"

"सुधारणा आहे," काका म्हणायचे.

सुधारणा कुठे होती? भोपळा होता. मी नियमात बसवून त्यांना किती वेळा सुचवलं, की त्याला सोडा, दुसरा कोणी घ्या. एरवी इतका मऊ माणूस, पण एवढ्याच गोष्टीला ताठ व्हायचा. "माणूस पडला म्हणून यादीतून त्याचं नाव काढायचं नसतं, मृणाल."

नोव्हेंबरपर्यंत लोकांची गंमत संपली. काकांशी ज्याची गाठ पडेल त्याला फुकटचा विजय मिळायचा आणि बाकीचे चिडायचे. आमच्यातला सुमीत ग्रुपवर स्पष्टच म्हणाला, की मेलेली टीम ठेवून सगळ्यांच्या खेळाचा विचका कशाला? मतं घेतली. पुढच्या वर्षापासून टिपणीसकाका नाहीत, असं ठरलं. सांगायचं कोणी? चुका काढणारीने.

रविवारी सकाळी सायकल काढून मी त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे जाण्याची ही पहिलीच वेळ, कारण ते कधी कोणाला बोलवत नसत. त्यांचा मुलगा मंदार ओसाकाला नोकरी करतो, घरी दोघंच, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसातून घरी जाताना काका कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, रोज ट्यूना मासा घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेतात, हेही माहीत होतं. काकूंना आवडत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

दार काकूंनी उघडलं. मला बघून त्या गडबडल्या, ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "ये. पण दोन मिनिटं बोलू नकोस हं."

आत अरुंद बोळ होता. बोळात एका बंद दारासमोर काका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. तोच इस्त्रीचा शर्ट. दाराशी ट्रे होता, ट्रेमध्ये ओनिगिरीचं रिकामं वेष्टन.

ओसाका स्वयंपाकघराच्या शेजारीच होतं.

"मंदार," काका दाराला सांगत होते, "गुडघेसाहेबांची बातमी काही बरी नाही. हा सीझन खेळणार नाही म्हणतात. पुढच्याचीही खात्री नाही. काय करूया? सोडायचा?"

काका थांबले. घाई करायचा त्यांचा विचारच दिसत नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात ओले हात तसेच धरून उभ्या होत्या.

मग आतून पुरुषी, घोगरा आवाज आला. जपानीत. "नोकोशितोइते."

म्हणजे, राहू दे त्याला.

काका माझ्याकडे वळले. एवढा उजळलेला चेहरा मी आमच्या लीगमध्ये जिंकणाऱ्याचाही पाहिलेला नाही. "बघितलंस?" ते कुजबुजले. "सुधारणा आहे."

मग काका हळू आवाजात सांगू लागले. "हायस्कूलच्या क्लबात हाच खेळ खेळायचा. रनिंग बॅक. गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर थांबा. मी म्हटलं, परीक्षा तोंडावर आलीय, खेळ कसले घेऊन बसलायस. आणि शाळेत जाऊन क्लबातून त्याचं नाव काढून आलो. त्याला विचारलंसुद्धा नाही गं."

"मग?"

"मग तो एक दिवस शाळेतून आला आणि या खोलीत गेला. आमच्याशी बोलणंच बंद केलं. पहिल्या ड्राफ्टच्या वेळी मी इथे बसून सहज म्हणालो, की एकाला दुखापत झालीय म्हणून कोणी घेत नाहीये. तर आतून म्हणाला, तू घे." काकांनी चष्मा काढून पुसला. "मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, मृणाल. सगळी टीम त्याचीच आहे."

वाईट वाटणं म्हणजे काय ते मला त्या बोळात कळलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसलो, ते एका बापाचं आपल्या मुलाशी असलेलं अख्खं बोलणं होतं. आणि ते बंद करायला मी सायकल मारत आले होते.

"बरं, तू कशाला आली होतीस?" काकांनी विचारलं.

मी दाराकडे तोंड केलं आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "काका, तुम्ही यंदाही शेवटचे येणार, यात शंका नाही. म्हणजे पुढच्या ड्राफ्टला पहिली पाळी तुमचीच. कोणाला घ्यायचं ते दोघांनी मिळून ठरवा, एवढंच सांगायला आले होते."

सुमीतला आणि बाकीच्यांना काय सांगायचं ते मी नंतर बघणार होते.

आत खुर्ची करकरली. पावलं दारापर्यंत आली, त्यातलं एक जरा फरपटत. दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला, आणि या वेळी मराठीत.

"कधी आहे?"

काका स्टुलावरून अर्धवट उठले.

"ऑगस्टमध्ये," मी म्हणाले. "शेवटच्या रविवारी, आमच्या घरी."

दार उघडलं नाही. आम्ही तिघं कडीकडे बघत राहिलो.

"कुठे ते सांग ना त्याला," काका शेवटी कसंबसं म्हणाले. "त्याला तुझं घर माहीत नाही गं."

मग त्या बंद दारासमोर उभी राहून मी आमच्या घरी कसं यायचं ते सावकाश सांगितलं. स्टेशनवरून सरळ, पार्क ओलांडायचा, कोपऱ्यावर बेकरी आहे, तिच्या वरचा मजला. लिफ्ट आहे, जिने चढावे लागत नाहीत.