पुलावरची ऊब

"या वर्षी थंडी माझ्या केसालाही धक्का लावू शकणार नाही!" समाधान धोंडगेनं दिवाळीच्या फराळावरच जाहीर करून टाकलं. हातात चकली होती, पण आवेश तलवार उपसल्याचा होता.

आवेशाला कारणही तसंच होतं. संत तुकाराम नगरातलं घर, चाकणला कंपनी, पहिली शिफ्ट साडेसहाची. म्हणजे साडेपाचच्या अंधारात मोटरसायकल काढायची. गडी मूळचा परभणीकडचा. चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर क्रिकेट खेळलेला! पण डिसेंबरात मोशीजवळ इंद्रायणीचा पूल आला की त्याची बोटं अशी आखडायची की कंपनीच्या गेटवर क्लचवरून हात सोडवायला सिक्युरिटीवाला लागायचा. गेल्या हिवाळ्यात तर मोजमाप घेताना हात थरथरून त्यानं एक अख्खी खेप नापास केली. माल चांगला होता! साहेबांनी शांतपणे सांगितलं होतं, "धोंडगे, पुढच्या हिवाळ्यात हात स्थिर ठेवा, नाहीतर पॅकिंगला जा."

म्हणून तापणारे कपडे घ्यायचे ठरले. आणि समाधाननं एखादी गोष्ट घ्यायची ठरवली की तो ती घेत नाही, तिचा अभ्यास करतो. हातमोजे, बंडी की जॅकेट? तारेचं की बॅटरीचं? वहीत रकाने पडले. सल्ल्याला शेजारच्या मशीनवरचा गणराज होताच. तो लडाखला दोनदा जाऊन आला होता आणि दोनशेदा सांगून झाला होता.

"तारेचं घे राव! गाडीच्या बॅटरीला जोडायचं. फुल पॉवर!"

"आणि उतरताना तार काढायची विसरलो तर?"

"तर गाडी येते ना मागोमाग! मी दहा फूट ओढलीय."

तारेवर फुली पडली. मोज्यांवरही पडली, कारण समाधानला वाचनातून असा शोध लागला होता की छाती आणि पाठ गरम ठेवली की रक्त आपल्या पायानं बोटांपर्यंत पोचतं. बायको, स्वरूपा, भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढा अभ्यास डिप्लोम्याला केला असता तं आज साहेब तुमच्या हाताखाली असते."

शेवटी निगडीच्या एका दुकानात एसीच्या थेट झोतात अर्धा तास उभं राहून त्यानं जॅकेट पसंत केलं. खिशात बॅटरी, छातीवर एक गोल दिवा, आणि हँडलला अडकवायला सुटं बटन. ना तार, ना काही! बटन एकदा दाबलं की निळा दिवा, ऊब मंद. दुसऱ्यांदा पांढरा, मध्यम. तिसऱ्यांदा लाल, कडक. चौथ्यांदा सगळं बंद.

पहिल्या दिवशी त्यानं जॅकेट मोशीपर्यंत बंदच ठेवलं. खरी थंडी पुलावर, मग चार्जिंग आधी कशाला जाळायचं?

पूल आला आणि धुकं अंगावर चालून आलं. असलं दाट की हेडलाइटचा उजेड चार हातांवर जाऊन घाबरून थांबत होता. गाडी वीसच्या पुढे न्यायची सोय नव्हती. खाली नदी असावी, पण तिचा आवाजही येत नव्हता. आणि अचानक झेंडूचा वास आला. भर पुलावर, ना देऊळ ना दुकान, ओल्या झेंडूचा दाट वास!

तेवढ्यात त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध काहीतरी गरम टेकलं.

मागच्या सीटवर बसून कुणीतरी दोन तळवे हळूच पाठीवर ठेवावेत, तसं. समाधाननं खाली पाहिलं. छातीवरचा दिवा निळा झाला होता. मग पांढरा झाला. मग लाल. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते! त्यानं बटनाला बोटही लावलं नव्हतं!

"नवीन वस्तू आहे," तो स्वतःलाच मोठ्यानं म्हणाला आणि बटन दाबून जॅकेट बंद केलं. मग सवयीनं आरशात पाहिलं.

आरशात, मागच्या धुक्यात, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक लाल ठिपका तरंगत होता. तो त्याच क्षणी विझला. त्याच्या वर काहीतरी पांढरं हलत होतं. खाली गाडीचा दिवा नाही, काही नाही! थोडं पुढे गेल्यावर समाधानची पाठ पुन्हा तापायला लागली, आणि मागचा ठिपका पुन्हा लाल झाला.

त्या दिवशी तो कंपनीत पंधरा मिनिटं आधी पोचला. घामाघूम! सिक्युरिटीवाल्यानं जॅकेटचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बटन डब्याच्या पिशवीत तळाशी, पोळ्यांच्या खाली कोंबलं. पुलावर झेंडूचा वास आला, पाठीवर तळवे टेकले, आरशात लाल ठिपका उगवला. तिसऱ्या दिवशी त्यानं गणराजला कोपऱ्यात गाठलं.

गणराजचा चेहरा उतरला. "झेंडू? पक्का झेंडूच? भावा, पहाटेच्या वेळी झेंडू कशावर पसरलेला असतो?"

"हारावर?"

"तिरडीवर! हे बघ, मागं वळून बघू नको. आणि हाक मारली तर ओ देऊ नको. तीन हाकांपर्यंत चालतं, त्यांना तेवढीच परवानगी असते."

समाधाननं ते जॅकेट दुकानात नेलं. तिथं ते बटनाबरहुकूम तापलं, बटनाबरहुकूम निवलं. दुकानदार म्हणाला, "वॉरंटी बॅटरीची असते साहेब. बाकीच्या गोष्टींची नसते." स्वरूपानं ते दोन दिवस बैठकीतल्या खुंटीला टांगून ठेवलं आणि येताजाता त्याच्यावर नजर ठेवली. जॅकेट गरीब गाईसारखं लटकत राहिलं.

"घरी कामून येत नाही ओ तुमचं भूत?" ती म्हणाली. "वन बीएचके बघून परत जातं का?"

ती हसली खरी, पण शनिवारी पहाटे दाराशी तिनं त्याची कॉलर नीट केली आणि हळूच म्हणाली, "नका जाऊ ना तिकडून. लांबून जा."

लांबून जायचं म्हणजे अर्धा तास उशीर, आणि साहेबांची पॅकिंगची गोष्ट अजून हवेत होतीच. समाधाननं मधला मार्ग काढला. बॅटरीच काढून पिशवीत टाकली! भूत झालं तरी बॅटरीशिवाय काय तापवणार?

पुलावर पाठ गारच राहिली. पण वास आला. आरशात ठिपका उगवला. आणि बॅटरी नसल्यामुळे बोटं मुळ्याच्या शेंगांसारखी ताठ झाली, क्लच निसटला, आणि ऐन पुलाच्या मध्यावर मोटरसायकल आचका देऊन बंद पडली.

त्यानं स्टार्टर दाबला. गाडी खोकली. पुन्हा दाबला. तिनं तेवढंही केलं नाही.

मागं फट-फट असा एक बारीक आवाज जवळ येत होता. तो थांबला. समाधाननं डोळे मिटून घेतले. त्याला मारुतीस्तोत्र पाठ होतं, पण त्या क्षणी त्यातली एकही ओळ कामाला आली नाही. धुक्यातून एका बाईचा आवाज आला. दबका, थरथरता.

"आलात व्हय, मालक?"

समाधानच्या हेल्मेटच्या आत केस उभे राहिले. गणराज म्हणाला होता, ओ देऊ नको.

"मालक? आज गाडी थांबवून उभं राहिलात? बोला की."

"मी... मी मालक नाही हो! मी क्वालिटीत आहे!" समाधान किंचाळला आणि एकदम वळला.

समोर मोपेडवर एक साठीची बाई होती. नऊवारीवर तेच जॅकेट, अगदी तसंच. डोक्याला पांढरं उपरणं गुंडाळलेलं, मागं झेंडूचं भलंमोठं पोतं, आणि मोपेडला दिवा म्हणून नुसतीच खोबण. छातीवरचा लाल ठिपका मात्र झगझगीत पेटलेला.

"आरं देवा," ती म्हणाली, "ह्यो तर माणूसच हाय!"

त्या आवाजात सुटका नव्हती, निराशा होती. समाधानला ते समजलं आणि त्याची भीती जराशी वरमली. बाई मोपेडवरून उतरली. शालनबाई तिचं नाव, मोशीची. पहाटे झेंडू घेऊन चाकणच्या बाजाराला जायची. "काय सांगू तुला बाबा! सुनंनं, पूनमनं, ह्ये जाकिट आणलं. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. गार असलं तर गार, मी आपली घालून निघते. पर ह्या पुलावर आलं की रोज, कुनी हात न लावता, पाठ गरम हुती."

"रोज?"

"रोज. आमचं मालक, लक्ष्मणराव, दोन वर्सं झाली जाऊन. चाळीस वर्सं त्यांच्या गाडीवर मागं बसून ह्याच पुलावरनं फुलं नेली. एकदा म्हनून वळून इचारलं न्हाई, गार वाटतंय का." तिनं उपरण्याचं टोक नीट केलं. "आता रोज पाठीवर हात ठिवत्यात. तुला बघून वाटलं, आज बोलाया थांबलं."

समाधाननं आखडलेल्या बोटांवर फुंकर घातली.

"तू बी गारठलायस की रं. पेटव तुझं."

त्यानं मुकाट्यानं बॅटरी जोडली. तिनं सुपारी काढायला कमरेची चंची उघडली, आत बोटांनी चाचपलं, आणि समाधानच्या छातीवर निळा दिवा लागला. त्याच क्षणी तिच्या छातीवरचा लाल विझला.

चंचीत, सुपारी आणि चुन्याच्या डबीच्या मधे, तिच्या जॅकेटचं बटन पडलेलं होतं.

त्याच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. दोन्ही जॅकेटं एकाच बटनाला ओळखत होती! पुलाच्या सांध्यांवर मोपेड उडायची, डबी बटनावर आदळायची, एक धक्का निळा, दुसरा पांढरा, तिसरा लाल. भूत नव्हतं. लक्ष्मणरावही नव्हते. त्यानं सांगायला तोंड उघडलं.

शालनबाई पुलाच्या कठड्यापलीकडे धुक्यात बघत होती. "काढला बघ हात," ती म्हणाली. "तू हाईस म्हनून लाजलं असत्याल."

समाधाननं तोंड मिटलं. कंपनीत पोचल्यावर गणराजला त्यानं एवढंच सांगितलं, की गाडीचा प्रॉब्लेम होता.

सोमवारी पुलावर त्याला आरशात ठिपका दिसला नाही. नुसतं पांढरं उपरणं, मान खाली घातलेलं. बटन चंचीत दुसऱ्या बाजूला सरकलं असावं. समाधानला ते बघवेना. त्यानं आपलं बटन तीनदा दाबलं. मागं निळा, पांढरा, लाल! उपरण्याची मान वर झाली आणि धुक्यातून आवाज आला, "आलात व्हय, मालक?" त्या आवाजानं समाधानच्या अंगावर पुन्हा काटा आला. आता तर काय चाललंय ते त्याला ठाऊक होतं, तरीही. आपल्या अंगठ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा आहे, असं त्याला उगीचच वाटलं.

मग ते रोजचंच झालं. फक्त एक घोटाळा होता. तो घरून मंद ऊब लावून निघायचा, त्यामुळे तीनदा दाबलं की बाईंचं जॅकेट कडक आणि त्याचं बंद! चाकणपर्यंत कुडकुडत जायचं. पुलाच्या आधी आपलं जॅकेट बंद करून ठेवलं तर दोन्ही तापतील, हे डिप्लोमा झालेल्या माणसाच्या लक्षात यायला चार दिवस गेले.

एका सकाळी मात्र त्यानं तीनदा दाबलं तरी मागं दिवा लागेना. त्यानं सहादा दाबलं, बारादा दाबलं, हँडलवरून काढून मागं धरून दाबलं. काही नाही. तरीही हाक आली, "आलात व्हय, मालक?" समाधानची बोबडी वळली. दिवा नाही, ऊब नाही, मग ही कुणाशी बोलतेय? त्यानं जी गाडी पिळली ती थेट चाकणला!

रविवारी सुट्टी होती. मोशीच्या रस्त्यावर, टळटळीत उन्हात, झेंडूच्या ढिगामागं शालनबाई बसलेली दिसली. तिनं हात करून बोलावलं. "बस." तो बसला.

"गुरुवारी माझी बॅटरी घरीच चार्जिंगला राहिली हुती," ती हार ओवता ओवता म्हणाली. "जाकिट बर्फावानी गार. आन् म्होरं बघते तर तू! हात मागं करून टिकटिक, टिकटिक, टिकटिक!"

समाधानला पोत्यात शिरावंसं वाटलं. "मावशी, मला फसवायचं नव्हतं..."

"ठावं हाय रं."

"मग त्या दिवशीही हाक का मारलीत?"

"तू येवढ्या मायेनं दाबत हुतास. गप ऱ्हायले असते तर तुला वाईट न्हाई वाटलं असतं?" तिनं दोऱ्याला गाठ मारली. मग तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "दाबत जा. पर बाबा, उद्यापासनं जरा मधल्यावर ठिव. दहा दिस झालं, पाठ पार भाजलीय माझी!"

समाधाननं मान खाली घातली. कान मात्र लालभडक झाले होते, बॅटरीशिवाय.