कुलूपसाहेबांनी घरी सांगितलेल्या गोष्टी

एकतीस वर्षांच्या नोकरीत आपल्या तोंडून खात्याचा एक शब्द बाहेर गेला नाही, असं कुलूपसाहेब छाती ठोकून सांगत. आणि ते खोटंही नव्हतं. तोंडून खरंच काही गेलं नव्हतं!

सुरक्षा खात्याच्या गोपनीय शाखेचे ते प्रमुख. 'कुलूप' हे नाव शिपायांनी चिडवायला ठेवलेलं, पण साहेबांना ते बढतीसारखं वाटे. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बायकोने विचारलं होतं, "आज ऑफिसात काय झालं?" साहेब म्हणाले, "सांगता येत नाही." ती रोज विचारत राहिली आणि हे रोज तेच सांगत राहिले. गेल्या वर्षी तीन दिवसांच्या आजारात ती गेली. संध्याकाळी विचारणारं कोणी उरलं नाही, तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं, की सांगण्यासारखं किती होतं!

मग त्यांनी युक्ती काढली. साडेसहाला घरी आले, की बूटसुद्धा न काढता बायकोच्या नंबरवर मेसेज पाठवायचा. आज हे झालं, आज ते झालं. तिचा फोन कपाटात, कपड्यांच्या खाली, कधीचा बंद. साहेबांच्या मते याहून सुरक्षित व्यवस्था देशात नव्हती. मेलेल्या माणसाइतकं पोटात ठेवणारं दुसरं कोण सापडणार?

सहा महिने मेसेजसमोर एकच करडी खूण दिसे. एके दिवशी दोन दिसल्या, आणि बघता बघता निळ्या झाल्या. म्हणजे कोणीतरी वाचलं होतं! तिच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल आलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चौकशा केलेले साहेब, पण या प्रकरणाची चौकशी करायची नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. तिला फुलं आवडायचीच!

आणि एका सोमवारी सचिव मॅडमचं बोलावणं आलं.

"साहेब, खात्याला भगदाड पडलंय!"

"कुठल्या मजल्यावर?"

"अहो, भिंतीला नाही! आपल्या आतल्या गोष्टी कोणीतरी मेसेजवरून बाहेर पाठवतोय. सगळा देश वाचतोय आणि पोट धरून हसतोय!"

गोष्टी होत्याही तशाच. हल्ल्याच्या सरावात भोंगा वाजला नाही, म्हणून एका शिपायाला गच्चीवर उभं करून ओरडायला लावलं होतं. गुप्त तिजोरीची किल्ली हरवली, तेव्हा रस्त्यावरच्या किल्लीवाल्याने ती चाळीस सेकंदांत उघडून दिली होती, आणि वर म्हणाला होता, "याहून माझी सायकल बरी!" लोकांनी ते सगळं डोक्यावर घेतलं होतं. कोणी त्या शिपायाच्या ओरडण्याला चाल लावली. कोणी किल्लीवाल्याला संरक्षणमंत्री करा म्हणून सह्या गोळा केल्या. खात्याने खुलासा केला, 'असा कोणताही भोंगा आमच्याकडे नाही.' लोक म्हणाले, 'तेच तर आम्ही म्हणतोय!'

"आणि आज सकाळी मंत्री सभागृहात बोलून बसलेत," मॅडम कपाळ चोळत म्हणाल्या. "ही सगळी कुणा लेखकाची कल्पना आहे, यातला एक शब्द खरा निघाला तर राजीनामा देईन म्हणाले."

"दोन दिवसांत पकडतो त्याला!" साहेब गरजले. "नोकरी, पेन्शन, सगळं काढून घेतो. दया नाही!"

"तसं लेखी द्या."

साहेबांनी लेखी दिलं. अक्षर इतकं ठसठशीत, की कागद मागून फुगला.

खाली येऊन त्यांनी शाखेतल्या सगळ्यांचे फोन फरशी पुसायच्या बादलीत जमा केले.

"सर, तुमचा?" टायपिस्टने विचारलं.

"माझा कशाला?"

"तसं नाही, बादलीत जागा आहे म्हणून म्हटलं."

साहेबांनी डोळे वटारले. टायपिस्टने मुकाट्याने छापून आणलेले कागद पुढे ठेवले. "हे फुटलेले मेसेज. तुम्ही वाचले असतीलच."

"मी असला कचरा वाचत नाही," असं म्हणत साहेबांनी चष्मा लावला आणि वाचलं: 'आज मंत्री बैठकीत पुन्हा झोपले. तोंड उघडं होतं. तुला तुझ्या मामांची आठवण झाली असती.'

साहेबांच्या पाठीवरून घामाचा ओहोळ निघाला.

"पंखा लावा."

"लावलेलाच आहे, सर."

"मग... बंद करा!"

टायपिस्ट पंख्याकडे गेला आणि तिथूनच म्हणाला, "सर, हा माणूस बायकोला सांगत असावा. किती मन लावून सांगतो, नाही? आमची ही म्हणते, शिका जरा काही त्याच्याकडून!"

साहेब कागद घेऊन जुन्या फाइलींच्या खोलीत शिरले, कडी लावली आणि बायकोचा नंबर लावला. तीनदा घंटी गेली.

"हॅलो?" बाईचा आवाज.

साहेबांनी लावलेला नंबर पुन्हा एकदा बघून घेतला.

"अहो, कोण बोलतंय?"

"आपण... आपण कोण?"

"फोन तुम्ही केलाय आणि मलाच विचारताय?" मागे शिवणयंत्र खडखडत होतं, ते थांबलं. "थांबा, हा नंबर... अगंबाई! तुम्ही गोष्टीवाले काका का?"

बाई कपडे शिवायची. बंद पडलेला नंबर कंपनीने तिला दिला होता. दुसऱ्याच दिवसापासून रोज साडेसहाला कोणीतरी गोष्ट पाठवायला लागलं. तिने ती आपल्या गिऱ्हाईक बायकांच्या ग्रुपवर टाकली, बायकांनी नवऱ्यांना दाखवली, आणि पुढचं मॅडमनी सांगितलंच होतं.

"बाई, ते सगळं खरं आहे हो!"

"काय सांगता? मला वाटलं, मनाने रचलेलं आहे. सरकार असं चालतं हे कोणाला खरं वाटणार?" मग तिचा आवाज खाली आला. "पण काका, त्यातलं घरातलं जे असायचं ना, तिच्या उशीचं, एकट्याने जेवायचं, ते मी कुणाला दाखवलेलं नाही. ते तुमचं दोघांचं."

साहेब फाइलींच्या गठ्ठ्यावर बसले. साऱ्या देशात एकच माणूस गुपित राखू शकत होता, आणि त्याला खात्याने नोकरीवर घेतलं नव्हतं!

एकतीस वर्षांत खोटं बोलले नव्हते, तेव्हा साहेब उठले ते तडक मॅडमकडे गेले.

"सापडला!"

"कोण?"

"मी."

मॅडमनी आपल्या ग्लासातलं पाणी प्यायलं. मग साहेबांच्या ग्लासातलंही प्यायलं.

"माझा राजीनामा घ्या," साहेब म्हणाले. "पेन्शनही सोडतो. लेखी दिलंच आहे."

मॅडमनी मघाचा तो कागद काढला आणि त्याचे आठ तुकडे केले. "वेड लागलंय का तुम्हाला? तुम्हाला काढलं म्हणजे ते मेसेज खरे. मेसेज खरे म्हणजे मंत्री गेले. मंत्री गेले म्हणजे मी गेले! निवृत्तीपर्यंत या खुर्चीवरून हलायचं नाही. तपास तुमच्याकडेच आहे ना? अहवाल द्या, की असा माणूस अस्तित्वातच नाही."

साहेबांनी स्वतः अस्तित्वात नसल्याचा अहवाल चार प्रतींत लिहिला आणि चारींवर सही केली. तासाभरात तो जाहीर झाला. लोकांनी सरकारला धू धू धुतलं. एका बाईने लिहिलं, 'नाही म्हणे! मग आम्ही रोज साडेसहाला वाट कोणाची बघत होतो?'

साहेब घरी आले. फोनला हातही लावायचा नाही, हे वाटेतच ठरलं होतं. ते बायकोच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "ऐक, आज ऑफिसात काय झालं..." बादली सांगितली. पंखा सांगितला. ती शिवणारी बाई सांगताना आवाज जरा ओला झाला, पण ग्लासांची गोष्ट सांगताना साहेबांना स्वतःलाच हसू आवरेना. मॅडमच्या बोलण्यापाशी आल्यावर मात्र जुनी सवय आड आली. गोपनीय होतं ना! त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि अगदी हळू आवाजात सांगितलं.

तेवढ्यात भिंतीवर टकटक झाली. सरकारी वसाहतीतल्या त्या, पुठ्ठ्याहून पातळ भिंती! पलीकडून शेजारणीचा आवाज आला,

"अहो भाऊ, जरा मोठ्याने! आम्ही टीव्ही बंद करून बसलोय. पाणी प्यायल्यावर मॅडम काय म्हणाल्या?"