पोट असलेली पेटी

गोंदियाच्या बाजारात, पेटीच्या दुकानात, भर लोकांत मी माझ्या बायकोच्या मामांची फजिती केली. हेतू अगदी उलटा होता. माझी बदली गोंदियाच्या मालधक्क्यावर नुकतीच झाली होती. त्याआधी फागूमामांना मी एकदा लग्नात आणि एकदा बारशात, तेही पंगतीच्या गडबडीत पाहिलेलं. ते दवनीवाड्याहून पेटी बघायला येणार, तुम्ही सोबत जा, असं बायकोनं सांगितलं आणि मी गेलो. दुकानात मामांनी समोरची पेटी जवळ ओढली, तिच्या झाकणावर डावा गाल टेकवला, डोळे मिटले आणि भाता हलवायला सुरुवात केली. पाच-सहा माणसं जमली. मला वाटलं, मोठा वादक सूर जुळवतो आहे. जावयाचा ऊर भरून आला. मी खणखणीत आवाजात म्हणालो,

"मामाजी, होऊन जाऊ द्या एखादं पद!"

दुकानदारानं हात जोडले. मामांनी एक डोळा उघडला.

"मले कोठं येते वाजवता?" म्हणाले आणि डोळा पुन्हा मिटला.

मग त्यांनी अगदी डावीकडची, सगळ्यात खालची पट्टी दाबली आणि दाबूनच धरली. पेटी घूंऽऽ करत राहिली. जमलेली माणसं आधी माझ्याकडं, मग मामांकडं आणि मग आपापल्या कामाकडं वळली. बऱ्याच वेळानं मामांनी गाल उचलला. गालावर झाकणाच्या कडेचा वळ उमटला होता.

"आवाज हाय," ते दुकानदाराला म्हणाले, "पर पोट नाही."

"पेट?" दुकानदार म्हणाला. "दादाजी, बाजा है, भैंस थोड़ी है!"

ही माझी फागूमामांशी खरी ओळख. आजूबाजूच्या गावांत कुणालाही पेटी घ्यायची झाली की मामांना गाडीत घालून नेत. मामांना पेटीवर एकही गाणं वाजवता येत नसे. ते एकच पट्टी दाबत आणि एकच प्रश्न विचारत: पोट हाय का? पोट म्हणजे खर्ज. खालचा, भरीव, जमिनीतून आल्यासारखा सूर. वरचे सूर कसेही असोत, त्याचं त्यांना काही नव्हतं. "वरचं कोनीबी बोलते," म्हणायचे.

हा शब्द मग सगळ्याला लागायचा. आमच्या घरच्या उशीला पोट नव्हतं. मालधक्क्यावरच्या माझ्या साहेबाच्या इंग्रजीला पोट नव्हतं. आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला तेव्हा मी त्यांना विचारलं, मामाजी, कसं वाटतं? थोडा विचार करून म्हणाले, "नागपूर जवर होता. मुंबईचा आवाज येईल इथवर. पोट नाही येनार." माझ्याबद्दल त्यांचं मत काय आहे, ते मी कधी विचारलं नाही. बायकोनं न विचारता सांगितलं.

या पोटाचं कारण मामांच्या कामात होतं. दवनीवाड्याच्या दंडार मंडळीत ते सूर धरणारे. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाच-गाण्याचा खेळ. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, तेव्हा भर दुपारी मैदानात होतो. मुख्य गाणारा तुलाराम. तो पुढं उभा राहून गायचा आणि फागूमामा त्याच्या पाठीमागं, कानावर हात ठेवून, खालच्या पट्टीत नुसता आऽऽ धरून उभे. शब्द नाही, ताल नाही, वाहवा तर नाहीच. तुलारामनं कितीही वर उडी मारली तरी उतरताना पाय ठेवायला जमीन पाहिजे, ती जमीन मामांची. दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून असेच, पुढंमागं उभे. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, धानाची शेती पुतण्याकडं. वर्षभर माणूस मंडईची वाट पाहायचा.

आणि आता मामांना दमा लागला होता. सूर धरला की मध्येच खोकला यायचा आणि जमीन फाटायची. मंडळीचा प्रमुख भोजराज पटील. त्यानं तोड काढली, पेटी घेऊ. पेटीला खोकला येत नाही. पण पेटी आली की मामांची जागा गेली, हे सगळ्या गावाला कळत होतं. तोंडावर सांगायची हिंमत कुणाची होईना, म्हणून पटलानं गोड बोलून पेटी निवडायचं काम मामांवरच टाकलं. "खर्जाची पारख तुमच्यावानी कोनाले हाय?" एवढं बोलून मोकळा झाला. म्हणजे ज्याला उठवायचं, त्यालाच नवा पाहुणा शोधायला पाठवलं.

मामांनी काम मनावर घेतलं. फारच घेतलं. पेटी पाहायला म्हणून ते आमच्याकडं यायचे आणि मुक्काम करायचे. मुक्कामात त्यांचा खर्जाचा अभ्यास चालायचा. अंगणात आमचा पाण्याचा रांजण होता. तो रिकामा दिसला की मामा त्यात डोकं घालून आऽऽ करत. रांजण घुमायचा. शेजारच्या मिश्राइनबाईंनी एकदा कुंपणावरून मला हळूच विचारलं,

"बाबूजी, मामाजी मटके में किससे बात करते हैं?"

"कुणाशी नाही, जी. सूर तपासतात."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "हमारे जेठजी को भी ऐसा ही कुछ हुआ था."

दुकानातली पेटी पोटावरून गेली. तिची बैठकही त्यांना पटली नव्हती. मांडी घालून बसलं की भाता दूर जायचा आणि पट्टा लावून गळ्यात अडकवली की कड बरगडीत रुतायची. "हे पेटी पाह्याले चांगली," मामांनी निकाल दिला. "सुनेले दाखवाले ठेवा."

पुढची तिरोड्याला. एका मोडलेल्या नाटक मंडळीची पायपेटी तिथं कुणाच्या ओसरीवर पडून होती. रविवारी आम्ही दोघं गेलो. मामांनी गाल टेकवला, मी पायानं भाता दाबला. खर्ज असा निघाला की घरातल्या मांडणीवरचे पेले किणकिणले. मामांचा चेहरा पेढा खाल्ल्यासारखा झाला. मला वाटलं, सुटलो. एवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"वाजवनारा बसंल कायच्यावर?"

"खुर्चीवर, मामाजी."

"दंडारीत खुर्ची एकच राह्यते. पटलाची. मंग पटील कोठं बसंल?"

शिवाय त्यांचं दुसरं म्हणणं असं की पेटी भजनात, लग्नात, दंडारीत, सगळीकडं बसली पाहिजे. ही बया नाटकाशिवाय कुणाला जवळ करणार नाही. "हे एकटीच गाते. दुसऱ्याले गाऊ देत नाही." आम्ही रिकाम्या हातानं परतलो. गाडीत मी धुमसत होतो. मामांनी गाडीच्या खिडकीच्या चौकटीला कान लावला आणि चाकांना पोट आहे, असं मला सांगितलं.

पुढं एक आमगावची पाहिली. एक तुमसरची. एक भजनी मंडळाची, जिच्या भात्यात उंदरांनी संसार मांडला होता. मामांनी सगळ्या नाकारल्या. शेवटी पटील धान घेऊन मालधक्क्यावर आला आणि मला बाजूला ओढलं.

"जवाई, तुमी शिकलेले मानसं. थो बुढा पेटी घेऊ देऊन नाही राह्यला ना बाप्पा! त्याले सांगा, समजवा."

"मी काय सांगू? त्यांना पसंतच पडत नाही."

"पसंत कायले पडंल? सोताची जागा कोन सोडते?"

पटलाचं खरं असावं, असं मलाही वाटू लागलं होतं. पण बायकोसमोर तिच्या मामांबद्दल असं बोलायची माझीही हिंमत नव्हती. पटलाची आणि माझी हिंमत साधारण सारख्याच मापाची.

पोळ्याच्या करीला दवनीवाड्यात तालीम होती. आम्ही सणाला गेलोच होतो, म्हणून तलावाच्या पाळीवर चिंचेखाली बसून पाहत होतो. तुलाराम गात होता. त्याचंही वय झालं होतं. वरचा आवाज अजून सुरेख होता, पण उतरताना चाचपडायचा. त्यानं एक लांब तान घेतली, वर गेला, आणि तो वर असतानाच मामांना खोकला आला. साधासुधा नाही, कमरेत वाकवणारा. खालचा सूर तुटला. तुलाराम वरून उतरला आणि भलत्याच ठिकाणी पडला. पुन्हा उचललं, पुन्हा चुकलं. पाळीवरची पोरंटोरं हसली. कुणीतरी ओरडलं, "काका, घर कोनता तुमचा?" तुलारामनं गाणं सोडलं आणि पागोट्याच्या शेवानं तोंड पुसत खाली बसला. मामा खोकत होते आणि त्याच्या पाठीकडं पाहत होते.

चार-आठ दिवस गेले असतील. दुपारच्या गाडीनं मामा एकटेच आमच्या दारात उभे. काखेत एक पेटी. इतकी कुरूप पेटी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. रंग उडालेला, एका पट्टीचं वरचं हाड गेलेलं, भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. त्यांनी ती ओसरीवर ठेवली, माझ्या बायकोला हाक मारली.

"बाई, इकडं ये. गाल लाव."

तिनं ओल्या हातांनी पदर सावरत गाल लावला. मामांनी पट्टी दाबली. मी हातभर लांब होतो, पण माझ्या पायाखालच्या फरशीलाही ते कळलं. कुठं खरखर नाही, कुठं घाई नाही. भरल्या तलावासारखा सूर. मग मामांनी पेटी मांडीवर घेतली, गळ्यात अडकवली, उभे राहून दाखवलं, बसून दाखवलं. कुठं रुतत नव्हती. वर बायकोला ओवी म्हणायला लावली, तिच्या बारीक आवाजालाही पेटी सांभाळून घेत होती.

"ही कुठं सापडली, मामाजी?" मी विचारलं.

"बोदलकस्याले. एका मासे धरनाऱ्या ढिवराच्या घरी होती, भजनातली."

"मग आधी का नाही पाहिली?"

मामा भात्याचं ठिगळ अंगठ्यानं दाबत बसले.

"पाह्यली होती. चैतातच पाह्यली होती."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

"सांगतली नाही," ते म्हणाले. "आपली बी जागा हाय ना गा. मनलं, राहू दे हे वर्षभर. पर त्या दिवशी तुलाराम हरपला. पोट्टे हासले त्याले. मी हासलो असतो तं चाललं असतं, मी त्याचा दोस्त हावो. पोट्ट्यायनं कायले हासावं?"

पेटी त्यांनी त्याच संध्याकाळी दवनीवाड्याला नेली. पटलानं तिचं रूप पाहून कपाळाला हात लावला म्हणतात. मग गाल लावला आणि तो बराच वेळ उचललाच नाही.

मंडईला आम्ही सहकुटुंब गेलो. मैदानात दुकानं, पाळणे, जिलेबीच्या कढया, बैलगाड्यांचे तळ. दंडार उभी राहिली. शाळेचे मास्तर पेटी गळ्यात अडकवून तुलारामच्या पाठीमागं, मामांच्या जागेवर. बायको बायकांत, मैदानाच्या बाजूला जाऊन बसली. मामा माझ्याजवळ, पुढच्या सतरंजीवर, धुतलेलं धोतर नेसून. पाहुण्यासारखे बसले होते. हात कुठं ठेवायचे, ते त्यांना समजत नव्हतं.

तुलाराम गायला लागला. पेटीनं खालचा सूर धरला. आमचे खांदे टेकलेले होते, म्हणून मला कळलं की मामांचं तोंड बंद आहे पण अंग घुमतं आहे. मध्ये त्यांना खोकला आला. चांगला जोराचा. ते घाबरून तोंडावर हात धरून तुलारामकडं पाहू लागले. गाणं चालूच होतं. तुलाराम वर गेला, सावकाश उतरला आणि नेमका जमिनीवर आला. लोकांनी माना डोलावल्या.

मामा पुढं झुकून, अगदी टक लावून त्याच्याकडं पाहत होते. मी म्हणालो, "मामाजी, बरं जमलं."

"थो रडते ना गा!" मामा म्हणाले.

"कोण?"

"तुलाराम. गाताना डोऱ्यातून पानी येते त्याच्या. मले मालूमच नोहोतं." त्यांनी मान माझ्याकडं वळवलीसुद्धा नाही. "जलमभर पाठच पाह्यली मी त्याची. गाताना तोंड आज पाह्यलं."

 खेळ संपल्यावर गर्दीत दोघं म्हातारे एकमेकांना भेटले की नाही, ते मला दिसलं नाही. मी पोरांसाठी जिलेबी घ्यायला गेलो होतो.

परतताना बैलगाडीत मी बायकोला सगळं सांगितलं. मामांचं बोलणं, त्यांचा चेहरा, खांद्यातून लागलेला तो सूर. थोडं रंगवूनच सांगितलं. मला वाटलं, ती डोळ्यांना पदर लावील. तिनं कडेवरच्या पोराच्या तोंडाचा जिलेबीचा पाक पुसला आणि म्हणाली,

"तुमी मामाच्या तोंडाकडं पाहत होते, म्हनून तुमाले नाही दिसलं. मी बाजूनं पाहत होती. मास्तर एवढी चांगली पेटी वाजवून राह्यले होते, आन् तुलारामकाका प्रत्येक कडवं संपलं का मान वळवून मागं पाहत होते."