अमाबाई आणि माझं शटर

जगताप पेंटर तब्येत माणसाची विचारतात, पण बघतात भिंतीकडे. भिंत मोकळी दिसली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर अमाबाई.

अमाबाई ही जपानी जलपरी. माशाचं अंग, पक्ष्याची चोच, कमरेपर्यंत केस आणि पाय तीन. समुद्रातून वर येऊन ती म्हणाली म्हणे, "रोगराई आली की माझं चित्र काढा आणि लोकांना दाखवा." लॉकडाऊनमध्ये हे पेंटरांच्या मोबाइलवर आलं. तिचं मूळ नाव अमाबिए. पेंटरांनी तिची बाई केली आणि चोचीला नथ घातली. पिठाची गिरणी, पाण्याचा टँकर, न्हाव्याचं दुकान, कुठंही बघा, बाई उभीच. "दाखवल्याशिवाय गुण नाही," हे त्यांचं पालुपद.

माझं दुखणं वेगळं. सिन्नरहून डोक्यावर भांडी आणून मी पंचवटीत दुकान उभं केलं. गेल्या दिवाळीआधी शटर रंगवायला पेंटरांना सांगितलं. मी निम्मा भाव बोललो आणि ते लगेच हो म्हणाले. तिथंच ओळखायला हवं होतं! सकाळी बघतो तर अख्ख्या शटरभर बाई. पायरीवर कळवणचं एक गिऱ्हाईक बसलेलं. म्हणालं, "शेठ, सुकट ताजी हाय ना?"

मी तडक पेंटरांच्या घरी.

"पेंटर, पुसा ती बया!"

"पुसतो. पण शेठ, तुम्ही दिवसभर दुकान बंदच करत नाही. शटर खाली आल्याशिवाय ती लोकांना दिसणार कशी?"

"धंदा बंद करून तुमची मासळी दाखवू?"

"दुपारी दोनच तास."

असला संताप आला! पेंटरांनी फडकं काढायला कपाट उघडलं. आत साड्यांच्या घड्या होत्या आणि दाराच्या आतल्या बाजूला वहीच्या कागदावर एक छोटी अमाबाई चिकटवलेली.

"ही पहिली," पेंटर म्हणाले. "आमच्या हिच्यासाठी काढलेली. म्हणाली, बाहेर नका लावू, लोक हसतील. म्हणून आत लावली."

वहिनी दुसऱ्या लाटेत गेल्या.

"कुणाला दिसलीच नाही हो," ते म्हणाले आणि फडकं घेऊन निघाले.

मी दारात आडवा आलो. "एक तास. वर एक मिनिट नाही."

"दीड."

"सव्वा!"

वीस वर्षांत मी दुपारचा घरी जेवलो नव्हतो. आता एक ते सव्वादोन शटर खाली असतं. सुकटीची चौकशी अजून होते, आणि माझं डोकं अजून फिरतं. पेंटर समोरच्या ओट्यावर डबा उघडून बसतात. गिऱ्हाईक आलं की सांगतात, "शेठ जेवायला गेलेत. तोवर हिला बघा."