सोपानरावांची सळई

आमच्या कंपनीत लोक डब्याच्या पिशवीत लोणच्याची बाटली आणायचे, सोपानराव माती आणायचे. जेवण झालं, हात धुतले, की कागदाची पुडी सोडायची, चिमूटभर माती नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ब्येस. जिती हाय."

नवा माणूस समोर बसला असेल तर त्याचा घास तोंडातच राहायचा. आम्ही चौघे मात्र सरावलो होतो. त्यांच्या टेबलावर रोज बसणारे आम्हीच, आणि तेही खिडकीच्या वाऱ्यासाठी, उगाच खोटं कशाला बोलू!

कंपनी चाकणची, गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. मी स्टोअरला, सोपानराव क्वालिटीला. माप तपासायचं, पास की रिजेक्ट ते ठरवायचं आणि सही करायची. एकदा मोठ्या साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं, "सोपानराव, केसाएवढा फरक आहे. सोडा हा लॉट." सोपानरावांनी व्हर्निअर पुसला, पुन्हा माप घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मी काय बोलतच न्हाई. रीडिंग बोलतं." लॉट परत गेला. साहेब आठवडाभर फुगून बसले. अख्ख्या नोकरीत या माणसाने एक खोटा आकडा लिहिला नाही. कँटीनची चपाती जाड लागली तर तीही मोजायचे, आणि आचाऱ्याला रीडिंग सांगून यायचे.

त्यांचं दोन एकर रान गावाकडे, चाकणच्या पलीकडे. भावांनी आपापले हिस्से विकले, तिथे गोदामं उभी राहिली. दोन गोदामांच्या भिंतींमध्ये हे रान राहिलं आणि रानात हे. लग्न केलं नाही. नातं म्हणाल तर सांगवीला एक बहीण. रानात जाताना बूट बांधावर काढायचे आणि हातात एक सळई घ्यायची, पातळ, टोकदार, कंपनीच्या भंगारातली. ती जमिनीत दाबायची, किती आत गेली, म्हणजे माती किती भुसभुशीत झाली, ते मोजायचं, वहीत लिहायचं. हा झाला त्यांचा रविवार.

आणि कार्बन! बाप रे, तो कार्बन! रोज जेवणाच्या सुट्टीत तेच. पीक हवेतला कार्बन खातं, मुळांवाटे जमिनीत ठेवतं. जमीन उलथली की तो परत हवेत. न उलथता वर पालापाचोळा अंथरला की साठत जातो. तो मोजायला वर्षातून एकदा माणूस येतो, आणि साठला असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, ते धूर सोडणाऱ्या कंपन्या विकत घेतात. सोपानरावांनी असा करार केला होता. आज हे मी धडाधड सांगतोय, पण तेव्हा? ते सांगायचे, आम्ही "हो हो, बरोबर आहे" म्हणायचो आणि एकमेकांच्या डब्यातली भाजी ओढायचो. तीन वर्षं!

पालापाचोळ्यावरून तर त्यांनी मला माझ्याच सोसायटीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मी राहतो दिघीला. आमच्याकडे सकाळी झाडलोट झाली की पानं पेटवायची पद्धत. एकदा हे माझ्याकडे चहाला आले, खिडकीतून धूर बघितला आणि माझ्याच मोरीतली बादली घेऊन खाली धावले. "आरं, पेटवता काय! कोन पेटवतं रं आसं सोनं!" विझवलं, ओली पानं पोत्यात भरली आणि पोतं स्कूटरला बांधून गेले. बादलीसुद्धा घेऊन गेले. बायको अजून तिची आठवण काढते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दोन महिने विश्रांती, मुक्काम सांगवीला बहिणीकडे. आमचं टेबल सुनंसुनं झालं. मातीचा वास आल्याशिवाय जेवण संपल्यासारखं वाटेना, काय सांगू! एके रविवारी आम्ही चौघे त्यांचं रान बघायला गेलो. कधीच गेलो नव्हतो. बघतो तर काय, उन्हाळा तापलाय, शेजारपाजारची शिवारं नांगरून पडलीत आणि यांच्या रानात जुनी धसकटं, गवत, कुजकी पानं. आम्ही सगळे मूळचे शेतकऱ्यांचे. बिननांगरलेलं रान म्हणजे धनी खाटेला खिळला, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मी म्हटलं, "राव, आजारी माणसाचं रान असं ठेवायचं? आत्ता ट्रॅक्टर आणा!"

हे मी म्हटलं. मीच.

संध्याकाळपर्यंत रान नांगरलं. फूटभर खोल! आम्ही ढेकळांवर उभं राहून फोटो काढला आणि पेढे घेऊन थेट सांगवी गाठली. सोपानरावांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. या बांधापासून त्या बांधापर्यंत सरकवत नेला.

"चौघं बी रानात आलता?"

"चौघंही! दिवसभर राबलो, सोपानराव."

"ब्येस केलंत," म्हणाले, आणि बहिणीला हाक मारली, "ताई, च्या टाक गं. माझी मित्रमंडळी आल्यात."

पुढच्या महिन्यात मोजणीवाली मुलगी आली, तेव्हा मीच सोपानरावांना मोटारसायकलवर रानात घेऊन गेलो. तिने रान बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "काका, पाच वर्षं नांगर नाही, ही पहिली अट होती ना? तीन वर्षांचं साठलेलं उघडं पडलं." माझ्या पायाखालचं रान सरकलं. मग ती म्हणाली, "तुम्हाला न विचारता कुणी केलं असेल तर तसा फॉर्म आहे. नुकसान करणाऱ्यांची नावं आणि सह्या द्या, तुमचं रान योजनेत राहील."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सळईचं टोक माझ्या बुटावर येऊन टेकलं.

"मीच नांगरलं," सोपानराव म्हणाले.

ती गेल्यावर मी भडकलोच. "अहो, सही करतो ना मी! दहा वेळा करतो! एवढी वर्षं रीडिंग, रीडिंग करता आणि आज खोटं बोलता?"

ते हसले. "तीन वर्सं मी सांगत व्हतो, तुमी जेवत व्हता. तुमचा काय दोष? व्हईल पुन्यांदा. माती जिती हाय."

मला रडू आवरेना. ते सळई घेऊन पुढे गेले, वही बांधावर राहिली. मी उघडली. कंपनीच्या तपासणी फॉर्मसारखे रकाने आखलेले: तारीख, खोली, शेरा. दर रविवारी सळई किती बोटं आत गेली ते लिहिलेलं, आणि ती वर्षानुवर्षं खोल जात गेलेली. शेऱ्याचा रकाना मात्र पहिल्या पानापासून कोरा.

ऑपरेशननंतरचे रविवार वहीत नव्हतेच. फक्त आम्ही नांगरलं त्या एका रविवारची ओळ होती. खोलीच्या रकान्यात आडवी रेघ होती, आणि शेऱ्यात त्यांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'रानात चार मित्र आले होते.' खाली सही.