मॅडमच्या साखरेची चोरी

"गुन्हेगार मला पाहून थरथरतात, पुरावे आपणहून समोर येतात, आणि सत्य? सत्य तर माझ्या घरी पाणी भरतं." हे उद्गार माझ्या मावसभावाचे. त्याच्या ॲप्रनच्या खिशात तपासनळीच्या चिमट्याशेजारी एक भिंग असतं. लॅब टेक्निशियनचा कोर्स आम्ही एकत्रच केला. मी पहिल्यांदा, तो दुसऱ्यांदा. 'दुसऱ्यांदा' म्हटलेलं त्याला आवडत नाही. "खोलवर तपास चालू आहे म्हण," म्हणतो.

तर ही केस शेवटच्या प्रॅक्टिकलची. सोमवारपासून मला एका दवाखान्यात नोकरी होती, पण मॅडमची सही झालेली वही दाखवली तरच. आईने माझा ॲप्रन दोनदा इस्त्री करून ठेवला होता. आणि जोडीला मिळाला होता हाच मावसभाऊ, दादा.

बरोबर नऊ वाजता मॅडमनी स्वतःचं रक्त काढून प्रत्येक जोडीला तीन लाल टोपीच्या नळ्या दिल्या. "यातली साखर मोजा. माझा आकडा मी पाकिटात बंद करून ठेवते. एक वाजेपर्यंत उत्तर द्या, माझ्या आकड्यापेक्षा फार तर पाचाने कमीजास्त," म्हणाल्या आणि गेल्या.

रक्त गोठलं की तिन्ही नळ्या सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरागरा फिरवणाऱ्या यंत्रात, घालायच्या असं मी म्हणाले तोच दादाने माझा हात धरला.

"तिन्ही एकदम? वेडी का काय! सगळे पुरावे एकाच वेळी खर्च करायचे? एकेक घ्यायची. आणि तोवर सगळ्या इथे ठेव." त्याने तिन्ही नळ्या कोमट पाण्याच्या वॉटर बाथमध्ये उभ्या केल्या. "रक्ताला अंगाची ऊब लागते गं."

थोरला भाऊ पडला. मी ऐकलं. माझी खोड एवढीच की मी प्रत्येक गोष्टीपुढे घड्याळ पाहून वेळ लिहिते.

पहिली नळी नऊ चाळीसला फिरवली. साखर ११०. दुसरी दहा पन्नासला. ९६.

"एकाच बाईचं, एकाच दंडातलं रक्त," दादा भिंग डोळ्याला लावत म्हणाला, "आणि चौदा गायब! चोरी झाली आहे. आणि लिहून ठेव, चोर आतलाच आहे."

मी लिहून ठेवलं. वेळेसकट.

मग संशयितांची रांग लागली. आधी मशीन. पण ज्याचा आकडा ठाऊक असतो ते तपासणीचं द्रावण घालून पाहिलं, तर मशीन हरिश्चंद्राची अवलाद निघालं. मग शेजारच्या जोडीतल्या दोघी. "यांनी पाणी मिसळलं!" दादा मोठ्याने म्हणाला. त्यांनी आपल्या तिन्ही नळ्या कधीच फिरवून उत्तर लिहून ठेवलं होतं आणि त्या आमच्याकडे दयेने बघत होत्या.

"मग एकच शक्यता उरते," दादा कुजबुजला. "मॅडमना जुळी बहीण आहे. दुसऱ्या नळीच्या वेळी ती खुर्चीत बसली."

"दादा, सुई एकदाच टोचली होती. मी बघत होते."

"तू बघतेस. मी निरीक्षण करतो."

तेवढ्यात त्याला टेबलावर मुंगी दिसली. साखर, मुंगी! तो गुडघ्यांवर बसला आणि मुंग्यांच्या रांगेमागे रांगत निघाला. भिंत, खिडकी, दरवाजा, थेट काचसामान धुण्याच्या खोलीत, आणि त्याच्यामागे मी. रांग संपली तिथे मावशींचा बिस्किटाचा डबा होता. आणि डब्यामागे मावशी.

"काय हवंय?" मावशी म्हणाल्या. बावीस वर्षं त्या इथल्या नळ्या धुतात.

"तुमचा गुन्हा उघडकीला आलाय!"

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, "पोरी, साडेबारा वाजले. झालं का तुमचं?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. सगळं सांगितलं. त्या ओले हात पदराला पुसत आल्या, वॉटर बाथमधली तिसरी नळी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई! कोंबडीनं अंडं उबवावं तसं रक्त उबवत ठेवलंय होय? त्यातल्या पेशी जित्या असतात. फिरवून त्यांना वेगळं केलं नाही तर त्या बसल्या बसल्या साखर खातात. ऊब दिली तर जास्तच. मॅडम पहिल्याच दिवशी सांगतात की. तुम्ही कुठं होता?"

पहिल्या दिवशी आम्ही जिन्यात सापडलेल्या एका चपलेचा मालक शोधत होतो. चप्पल दादाचीच निघाली होती.

मी वही ओढली. सत्तर मिनिटांत चौदा, म्हणजे पाच मिनिटांना एक. नऊ ते नऊ चाळीसमध्ये आठ. एकशे दहा अधिक आठ. बारा चाळीसला तिसरी नळी फिरवली. हिशोबाने ७४ यायला हवी होती, तशीच आली. मी उत्तर लिहिलं: ११८. खाली आमची चूकही लिहिली, सगळी.

एक वाजता मॅडमनी पाकीट फोडलं. ११८.

दादाने टाळी वाजवली. मॅडम हसल्या नाहीत. "पेशंटच्या रिपोर्टवर असं गणित चालवलंस तर?"

"नाही चालवणार. नमुना खराब झाला म्हणून सांगेन आणि परत रक्त मागेन."

"मग माग की."

त्यांनी बाही वर केली. मी एका टोचणीत रक्त काढलं. त्यातली एक नळी मॅडमनी घेतली, एक मी. गोठायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दिला आणि लगेच फिरवल्या. दोघींचे आकडे दोनाच्या फरकाने आले. मॅडमनी सही केली. वेळेचा रकाना बोटाने दाखवत म्हणाल्या, "हा नसता तर केली नसती." आणि दादाला म्हणाल्या, "तू उद्या ये. भिंग घरी ठेवून."

मावशी दारातच उभ्या होत्या. मी त्यांच्या पाया पडले, तर त्यांनी माझ्या हातात बिस्किटं कोंबली.

आम्ही जिना उतरू लागलो. दादा म्हणाला, "एक मान्य कर. चोर आतलाच आहे, हे पहिल्यांदा कोण म्हणालं होतं?"

मी वही उघडली. अकरा दहा. म्हणाला होता खरा.

मी एक बिस्कीट त्याच्या हातावर ठेवलं. साखर त्याचीच सगळ्यात जास्त उतरली होती.